पेपर क्लिपचे श्रेय वालर यांना का देता येत नाही

‘पेपर क्लिपचा शोध नॉर्वेच्या योहान वालर यांनी १८९९ साली लावला, नॉर्वेत पेटंटचा कायदाच नसल्यामुळे त्यांना जर्मनी गाठावी लागली आणि पुढे नाझी अमलात आपला शोध म्हणून नॉर्वेकरांनी तीच क्लिप कोटावर लावली,’ अशा आशयाचा मजकूर वारंवार फिरत असतो. यातले वालर खरे आहेत आणि त्यांचे पेटंटही खरे आहे. बाकीचे मात्र तपासाला टिकत नाही.

आपण वापरतो ती क्लिप, म्हणजे कचेरीच्या सामानाच्या यादीतली ‘जेम क्लिप’, त्याआधीच बाजारात होती. अमेरिकेतील कुशमन अँड डेनिसन कंपनीने १९०४ साली ‘जेम’ हा ट्रेडमार्क नोंदवताना तो १ मार्च १८९२ पासून वापरात असल्याचे सांगितले होते. विल्यम मिडलब्रुक यांनी एप्रिल १८९९ मध्ये क्लिपा बनवणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्या आराखड्यातही हुबेहूब हीच क्लिप काढलेली आहे.

खरा फरक घडणीत आहे. जेम क्लिपमध्ये तार तीनदा वळते आणि मोठ्या वेढ्याच्या आत लहान वेढा तयार होतो. कागद सरकवताना हे वेढे किंचित फाकतात, तारेला पीळ बसतो आणि मूळ जागी येऊ पाहणारी पोलादी तार कागद दाबून धरते. आतल्या वेढ्याचे टोक गोल असल्याने तो कागदावरून अलगद पुढे जातो. वालर यांच्या पेटंटमध्ये आयताकृती किंवा त्रिकोणी असे एकच कडे असून तारेची दोन टोके शेजारी शेजारी, उलट दिशांना पडलेली आहेत. आतला वेढाच नसल्याने कागद घालणे अवघड होते, आणि ही क्लिप मागे पडली यात आश्चर्य नाही.

कायद्याची गोष्ट तर सरळसरळ चुकीची आहे. नॉर्वेत १८८५ पासून पेटंटचा कायदा होता आणि खुद्द वालर क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, पेटंटची कामे करणाऱ्या एका कचेरीत नोकरीला होते. कायदा नसता तर ही कचेरी कशावर चालली असती, असा प्रश्न मजकूर पुढे धाडणाऱ्यांना पडत नाही, याचे नवल वाटते.

युद्धकाळात लोकांनी क्लिपा लावल्या आणि त्यावर बंदीही आली, हे खरेच आहे. पण कागद जसे एकत्र राहतात तसे आपण एकत्र राहू, एवढाच त्या खुणेचा अर्थ होता. वालर यांच्या शोधाची कथा ज्ञानकोशांतून सर्वत्र पसरली ती युद्धानंतर. त्यांच्या सन्मानार्थ नॉर्वेने १९९९ साली काढलेल्या टपाल तिकिटावर मागे त्यांच्या जर्मन पेटंटचा कागद दिसतो, आणि पुढे छापलेली क्लिप मात्र जेमच्या घडणीची आहे.