डूममधली ती शाळा कुणी पाहिली आहे?

परवा ताईने भाच्याचा लॅपटॉप काढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला 'पालकांनो सावधान' हा मेसेज. त्यात डूम या १९९३ सालच्या, राक्षसांना गोळ्या घालत पुढे जायच्या कॉम्प्युटर गेमवर चार आरोप आहेत. अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलांनी डूममध्ये आपल्या शाळेची हुबेहूब प्रतिकृती बनवून सराव केला. अमेरिकी सैन्य याच गेमवर माणसं मारायला शिकवतं. त्यात सैतानाची पूजा आहे. आणि तो खेळायला डोकं लागत नाही.

भाचा सतरा पूर्ण झालेला, बारावीत, मुळातच कमी बोलणारा. ताईने त्याला विचारलं, "कॉलेजातल्या कुणाबद्दल तुझ्या मनात काही आहे का रे?" आपल्याच आईने हे विचारावं, तेही असल्या मेसेजवरून! मला याचा संताप आला आहे, म्हणून लिहितो आहे.

आधी ती शाळा. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइनमध्ये १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले गेले. मारेकऱ्यांपैकी एक जण डूमचा वेडा होता, गेमसाठी स्वतः लेव्हल, म्हणजे खेळायच्या नव्या जागा, बनवायचा आणि कटाबद्दलच्या लिखाणातही त्याने डूमचं नाव घेतलं होतं. एवढं खरं आहे, नाकारत नाही. पण त्याच्या जपून राहिलेल्या लेव्हल लोकांनी उघडून पाहिल्या, खेळून पाहिल्या. त्यांत राक्षस आहेत, अंतराळातल्या प्रयोगशाळा आहेत. त्याची शाळा नाही, वर्गमित्रही नाहीत. डूमसाठी तेव्हा हजारो पोरं लेव्हल बनवत होती, कारण खेळणाऱ्यांना फेरफार करता यावेत अशाच बेताने गेमच्या फायली वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

आणि सराव कसला? मी हा गेम पंचवीस वर्षं खेळतो आहे. मूळ डूममध्ये मान वर-खाली करता येत नाही. राक्षस उंच कट्ट्यावर असला तरी तो नुसता समोरच्या रेषेत आला की गोळी आपोआप वर जाऊन त्याला लागते. बंदूक पुन्हा भरावी लागत नाही. यातून नेमबाजी येते असं म्हणणाऱ्याने हा गेम पाच मिनिटंही खेळलेला नाही.

मग ती मुलं तशी का झाली? अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणारी यंत्रणा, आणि तिथलं शिक्षण खातं यांनी मिळून शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास केला. अहवाल २००२ सालचा आहे. हिंसक व्हिडिओ गेमची आवड दिसली ती १२ टक्के हल्लेखोरांत. आत्महत्येचा प्रयत्न किंवा विचार आधी केलेले ७८ टक्के. इतरांकडून छळ, धमक्या किंवा मार सोसलेले ७१ टक्के. बहुतेक हल्ल्यांत बेताची कुणकुण दुसऱ्या कुणाला तरी आधीच होती. आणि बंदूक बहुतेकांना स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातच मिळाली होती. ताईला मी हे आकडे फोनवर वाचून दाखवले. मुलगा गप्प गप्प असेल तर त्याला कुणी त्रास देतंय का, झोप लागते का, हे विचारायचं. लॅपटॉप काढून घेतल्याने तो आणखी गप्प होईल, आणि झालाही आहे.

सैन्याची गोष्ट अर्धी खरी आहे. १९९६ साली अमेरिकेच्या मरीन कोर या सैन्यदलातल्या काही जणांनी डूम २ मध्ये बदल करून आपली आवृत्ती बनवली होती. पण ती चार जणांच्या तुकडीने एकमेकांना सांभाळत पुढे कसं सरकायचं, कोणी कधी काय ठरवायचं, यासाठी होती. नेम धरायला ते मैदानातच शिकत होते.

सैतानाची पूजा? मंगळाच्या चंद्रांवर चाललेल्या प्रयोगातून नरकाचं दार उघडतं आणि एकटा सैनिक तिथून आलेल्या राक्षसांशी लढतो, ही कथा आहे. देवीच्या पायाखाली महिषासुर दिसतो म्हणून ती महिषासुराची पूजा ठरत नाही.

डोकं लागत नाही, हे मात्र मला खेळणारा म्हणून झोंबलं. एका राक्षसाचा आगीचा गोळा दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की ते दोघे आपसात भिडतात. गोळ्या संपत आल्या असतील तर त्यांच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, गोळा सुटला की बाजूला व्हायचं आणि त्यांना एकमेकांना संपवू द्यायचं. हे जमायला मला कितीतरी संध्याकाळी लागल्या. निळी, पिवळी, लाल किल्ली शोधताना अख्ख्या लेव्हलचा नकाशा डोक्यात ठेवावा लागतो, तो वेगळाच.

रक्त भरपूर आहे, हे कबूल. अमेरिकेत या गेमला सतरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठीचं मानांकन आहे आणि ते योग्यच आहे. भाच्याचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे, त्याला शेजारी बसून बघू देऊ नका, हे मी ताईला आपणहून सांगितलं.