घरातल्या माणसाच्या नावाचं फोल्डर काढा, ‘इम्पॉर्टंट’ नावाचं नको

जून-जुलैत आमच्या लातुरात कुठल्याबी ऑनलाईन सेंटरवर जाऊन बघा, फॉर्म भरायला कमी अन् कागद हुडकायलाच जास्त वेळ जायलाय. पोरगं नीटला चांगले मार्क घेऊन आलेलं असतंय, बाप शेजारी उभा राहून घाम पुसायलाय, अन् नॉन क्रिमीलेअरचं सर्टिफिकेट कुठंय विचारलं की पोरगं व्हॉट्सअ‍ॅपवर मामाचा चॅट वर सरकवत बसतंय. लॅपटॉप असला तरी तीच गत. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’, त्याच्यात ‘न्यू फोल्डर २’, त्याच्यात ‘इम्पॉर्टंट’, अन् ‘इम्पॉर्टंट’मध्ये लग्नाचे फोटो.

मी स्वतः सेंटर चालवतो म्हणून सांगायलोय, फोल्डर माणसाच्या नावाने काढा, कागदाच्या प्रकाराने नाही. ‘आधार’, ‘पॅन’, ‘जात’, ‘मार्कशीट’ असे फोल्डर लई शिस्तीचे दिसतात, पण फॉर्म आधारचा नसतो ना, माणसाचा असतो. पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा तर प्रत्येक फोल्डर उघडा अन् घरातल्या सगळ्यांच्या गर्दीतून तिचा एक कागद काढा. त्यापेक्षा तिच्या नावाचं एकच फोल्डर, सगळं त्यात. शेतीचं तेवढं वेगळं, कारण जमीन आजीच्या, वडिलांच्या, चुलत्याच्या नावावर सामाईक असते, तिथं माणूस धरून जमत नाही, गट नंबरचंच फोल्डर काढा अन् सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, पीक विम्याच्या पावत्या त्यात टाका. फोल्डरात फोल्डर मात्र दोन-तीनच्या वर नेऊ नका, विंडोजमध्ये बऱ्याच प्रोग्रामला फाईलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढं गेला की झेपत नाही, आणि त्याच्या आधी आपल्यालाच झेपत नाही.

खरं काम फाईलच्या नावात आहे. फाईल निवडून कीबोर्डवरचं एफ टू दाबलं की नाव बदलता येतं, पण ते बटण कुणी दाबत नाही. ‘७/१२’ असं नाव विंडोज घेतच नाही बरं का, तिरपी रेघ चालत नाही, सरळ ‘सातबारा’ लिहा. तारीखसुद्धा २०२५-०६-१८ अशी वर्ष आधी टाकून लिहा, मग फाईली आपोआप क्रमाने लागतात. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, ती नावातच टाकायची, ‘नॉनक्रिमी ३१ मार्च २०२७ पर्यंत’, म्हणजे उघडून बघायचं कामच नाही.

“सर्च आहे की” म्हणणारे लई भेटतात. अहो पण सर्चला शोधायला काहीतरी सापडायला तर पाहिजे! फाईलचं नाव ‘स्कॅन ००४५’, आतमध्ये नुसता फोटो, तो काय शोधणार? जुनी पत्रं कृतीदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली, ती स्क्रीनवर मराठी दिसतात पण आत इंग्रजी अक्षरं असतात, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मोबाईलवरच्या मराठीत, ‘ग्रामपंचायत’ टाईप केलं तर एकबी सापडत नाही. आणि आपल्याकडं तर निजामकाळातल्या नोंदी. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हापासून घरोघरी उर्दू नाहीतर मोडीतले स्कॅन आलेत, घरात वाचता एकालाबी येत नाही. तिथं फाईलच्या नावाशिवाय दुसरा आधारच नाही, जाणकाराकडून एकदा वाचून घ्या अन् गाव, साल, पणजोबाचं नाव लगेच टाका, साल फसली म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं असेल तर फसलीच लिहा, घरी बसून इसवी सनाचा हिशोब करू नका.

पोर्टलला कमी केबीची फाईल लागते म्हणून स्कॅन दाबून बारीक करतात अन् मूळ पुसून टाकतात, तसं करू नका, दुसऱ्या फॉर्मला तोच कागद स्वच्छ मागतात. ‘मूळ’ अन् ‘लहान’ दोन्ही ठेवा. डेस्कटॉपवर काही ठेवू नका, तो बहुतेक सी ड्राइव्हमध्येच असतो, फॉरमॅट मारला की गेला. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर. आणि माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो, सेंटरवाल्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं आधार राहू देऊ नका, काम झालं की समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधून पण.

पेनड्राइव्ह दहा ठिकाणी लावून कधी सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले तर त्यांच्यावर क्लिक करू नका अन् घाबरून फॉरमॅटही मारू नका. फाईली बहुतेक आतच असतात, व्हायरसनं लपवलेल्या. आधी अँटिव्हायरस फिरवा, मग ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ला टिक करून बघा, तरी नाही दिसल्या तर जाणकाराला दाखवा.