नुसती बॅटरी तर हवी होती

आज सकाळी आईला घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. तिच्या फोनची बॅटरी दुपारी बाराच्या आत मान टाकते, एवढंच दुखणं. बाकी फोन ठणठणीत. चार वर्षांत साधा ओरखडा नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण आयफोन नव्हे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलानं मॉडेल नंबर टाकला आणि मान वर न करताच सांगितलं, या मॉडेलची बॅटरी येत नाही आता, नवीन घ्या. आई म्हणाली, "उघडून तरी बघ की बाळा." तर तो म्हणतो, "आजी, त्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

आमचं इचलकरंजीतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी बघितलंय. बाबांची नजर अधू झाल्यावर बारीक डाग द्यायचं काम आईच करायची. पदर खोचून, एका हातात सोल्डरिंगची इस्त्री, दुसऱ्यात तार. या बाईला कळायचं नाही म्हणे.

बाबांचा एक नियम होता, गिऱ्हाइकासमोर डबा उघडायचा. जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. बाबा त्यावर बोट ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायचे, हे बघा, इथं गेलंय. वस्तू त्याची आहे, तिच्या पोटात काय आहे ते बघायचा हक्कही त्याचाच. यात वेगळं काही करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही.

आणि हे फक्त आमच्या गल्लीतलं नव्हतं. १९७६ साली अ‍ॅपलचा पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्या माहितीपुस्तकात सर्किटचा नकाशा छापलेला होता. त्यानंतरच्या अ‍ॅपल टू चं झाकण तर हातानं उचलता यायचं. आत आठ खाचा, तुम्ही हवं ते कार्ड बसवा. ते बनवणारा स्टीव्ह वॉझनियाक २०२१ मध्ये जाहीरपणे दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूनं बोलला. अशा मोकळ्या जगात वाढलो नसतो तर अ‍ॅपल उभीच राहिली नसती, असं त्याचं म्हणणं. कंपनीच्या जन्मदात्यानं सांगितलेलं आहे हे, माझ्या पदरचं नाही.

मग त्याच कंपनीनं काय केलं? १९८४ चा मॅकिंटॉश कॉम्प्युटर उघडायचा तर लांब दांड्याचा खास डिसमिस लागायचा. आयफोन ४ ला आधी साधे फुलीच्या खाचेचे स्क्रू होते, नंतर तिथं पाच पाकळ्यांचे आले, कुणाच्याच पेटीत डिसमिस नसलेले. दुरुस्तीला आलेल्या फोनचेही जुने स्क्रू काढून हे बसवले. स्वतःच्या वस्तूला दुसऱ्याचं कुलूप! पुढे मॅकबुक लॅपटॉपची रॅम (मेमरी) बोर्डालाच डाग देऊन चिकटवली, म्हणजे विकत घेतानाच ठरवा किती हवी, पुन्हा वाढवायची सोय नाही. २०२१ मध्ये आयफोन १३ चा स्क्रीन बाहेरच्या दुकानात बदलला की फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडणं, बंद पडायचं. बोंबाबोंब झाल्यावर सॉफ्टवेअर बदलून माघार घेतली. म्हणजे ते बंद पडणं अटळ नव्हतंच.

बॅटरीचंच घ्या ना. २०१७ मध्ये उघडकीला आलं की बॅटरी जुनी झालेले आयफोन अपडेटमधून हळू केले जात होते. लोकांना वाटायचं फोनच म्हातारा झाला. माफी मागितली, अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली, २०२० मध्ये फ्रान्सनं अडीच कोटी युरो दंड केला, कारण लोकांना सांगितलं नव्हतं. मला त्या हळू करण्याचा एवढा राग नाही. जुनी बॅटरी अचानक फोन बंद पाडते, ते टाळायचं होतं, हे मान्य. पण सांगायचं ना! बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे. "वहिनी, व्हॉल्व्ह म्हातारा झालाय, दोन महिने चालेल, मग बदलू."

अ‍ॅपलचे फोन वर्षानुवर्षं अपडेट घेतात, २०१३ च्या आयफोन फाइव्ह एसलाही २०२३ मध्ये सुरक्षेचा अपडेट मिळाला, हे खरं आहे. चोराच्या हाती गेलेला आयफोन त्याला सहज वापरता येत नाही, हेही खरं. बरं.

पण मग दुकानात ठेवलेल्या त्या सोप्या, चकचकीत, बंद आयफोनकडे बघून बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी हेच उचललं. पाठ काचेची, आत गोंद, बॅटरी चिकटवलेली. माझा राग अ‍ॅपलवर जास्त आहे तो याचमुळे. ज्यांनी नकाशा देऊन सुरुवात केली त्यांनीच सगळ्या जगाला डबा बंद करायला शिकवलं, आणि त्याची किंमत आज कोल्हापुरात एका काउंटरवर माझ्या आईनं मोजली.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला, सुटे भाग सॉफ्टवेअरनं फोनला बांधून ठेवायचे नाहीत म्हणून. युरोपात विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं फोनचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा नियम २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. पोर्टल! कायदा कुठंय? ज्या देशात मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, सगळं दुरुस्त करून तीन पिढ्या वापरलं जातं, त्या देशात?

लिहिता लिहिता रात्रीचे साडेदहा झाले. काउंटरवरच्या त्या पोरावर आता राग नाही राहिला. त्याच्या हातात ना नकाशा, ना डिसमिस. त्याला विकायला बसवलंय, उघडायला कुणी शिकवलंच नाही. त्याला तरी कुठून कळायचं?

मघाशी आईनं माळ्यावरून बाबांचा पत्र्याचा डबा काढायला लावला. चष्मा लावून फोन चारही बाजूंनी फिरवून बघितला, नखानं कड चाचपली. म्हणाली, "स्क्रूच नाही रे कुठं." मग डबा तसाच उशाशी ठेवून फोन चार्जिंगला लावला आणि झोपली.

इचलकरंजी, जयसिंगपूर, कोल्हापूर, कुठंही चालेल. पाठ गरम करून नीट उघडणारा आणि चांगली बॅटरी बसवणारा कुणी मुलगा माहीत असेल तर कॉमेंटमध्ये दुकान कुठंय ते सांगा. फक्त त्याला आधीच कल्पना द्या, आई समोर स्टूल घेऊन बसणार आहे.