हॉल यांचं वाचलं, पण घरच्यांचं काय?
सेवा आणि दुःख यांवरच्या तुमच्या लेखातला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल यांचा उल्लेख आवडला. 1813 मध्ये मुंबईत उतरले, तर कंपनी सरकारचा परत जाण्याचा हुकूम. तरी टिकले, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने (कॉलऱ्याने) वारले. पण ‘दुःखाने सेवा उजळते’ हे तुमचं वाक्य खटकलं. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. पगार तीन-तीन महिने रखडायचा. तरी दर सोमवारी परळला कॅन्सरच्या पेशंटसाठी पेजेचा थर्मास घेऊन लोकलने निघायचे. झाकण तडकलेलं, त्याला रबरबँड. उजळणं वगैरे काही दिसलं नाही बुवा! आई चिडायची, ते गप्प बसायचे, मग चपला घालायचे. हॉल यांच्या पत्नीवरही दोन ओळी हव्या होत्या.