काटा मधोमध येईपर्यंत

बारा वर्षं इमानेइतबारे वापरलेली शंभर सीसीची गाडी गेल्या दिवाळीत भाच्याला देऊन टाकली. त्या दिवसापासून धायरी फाटा ते स्वारगेट हे रोजचं आठ-नऊ किलोमीटरचं अंतर म्हणजे आमच्या घरातला राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला.

स्थळं दोन सांगून आली होती. एक साताऱ्याचं, मामांची १९८६ ची बुलेट. दुसरं शोरूममधलं, चारशे सीसीच्या घरातलं, चाळिसाच्या वर अश्वशक्तीचं. बुलेटची अश्वशक्ती अठरा. त्यातले किती घोडे अजून हयात आहेत हे मामांनाही सांगता आलं नाही.

आमचे चिरंजीव नुकतेच अठरा पूर्ण करून लायसन्स घेऊन बसलेले. त्यांनी नव्या गाडीचं वकीलपत्र घेतलं. "बाबा, एबीएस आहे, स्लिपर क्लच आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. तुमच्या सेफ्टीसाठी सांगतोय." बारावीला बापाच्या सेफ्टीवर असा निबंध आला असता तर पोराने बोर्डात नंबर काढला असता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

टेस्ट राइडला गेलो. शोरूममधला मुलगा म्हणाला, "सर, पहिल्या गिअरमध्येच साठ जाते." मी सिंहगड रोडला लागलो. पहिल्या गिअरमध्ये सात गेली. पुढे पीएमपीएमएलची बस, डावीकडे टेम्पो, उजवीकडे दुभाजकावर उभे राहून फोनवर बोलणारे एक गृहस्थ. पाच मिनिटांत इंजिनाचा पंखा सुरू झाला आणि त्याची गरम हवा माझ्या दोन्ही मांड्यांवर अशी येऊ लागली, जणू मीच भाकरी आहे आणि मला आता उलटायची वेळ झाली आहे. चाळीस घोडे जोडलेले आणि रथ राजाराम पुलाच्या सिग्नलला उभा!

परत येताना बायकोला मागे बसवलं. मागची सीट इतकी उंच, की ती माझ्या डोक्यावरून थेट पुढचा चौक बघत होती. उतरल्यावर तिने एकच विचारलं, "अहो, दळणाचा डबा कुठे ठेवायचा?" मी गाडीभोवती फेरी मारली. टोकदार जागा बऱ्याच होत्या, डबा राहील अशी एकही नव्हती.

मग बुलेट आणली. नंबर तीन अक्षरांचा, साताऱ्याचा एमएच-११ जन्माला यायच्या आधीचा. गाडीला पंधरा वर्षं झाली, की दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तिची तब्येत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. शिवाय एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची, ते वेगळंच. मामांनी इंजिनाचं पॅकिंग कित्येक वर्षांत बदललेलं नव्हतं, त्यामुळे पार्किंगमध्ये तिच्याखाली पुठ्ठा अंथरावा लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो पुठ्ठा दोनदा वाकून पाहिला. बोलले काहीच नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटते.

खरी परीक्षा किकची. मामांनी फोनवर विधी सांगितला होता. पेट्रोलचा कॉक उघड. चावी फिरव. आता हेडलाइटच्या वर जे अँपिअर मीटर आहे, त्याचा काटा बघ. किक हळूहळू दाबत न्यायची, काटा मधोमध आला की थांबायचं. मग डाव्या हाताचा छोटा डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा, लिव्हर दाबून किक जराशी पुढे ढकलायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग, मामांचे शब्द, "अंगातलं सगळं वजन देवाच्या नावाने सोडून द्यायचं." मी दिलं. देवाने ते परत केलं. किक अशी उलटी आली, की पोटरीला आठवडाभर आयोडेक्स लागलं. काटा मधोमध यायच्या आधीच मी भक्तिभावाने उडी मारली होती, हे मेकॅनिकने नंतर समजावलं.

चालू झाल्यावर पुढचा अध्याय. या जुन्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली, पण मूळ घराणं इंग्लंडचं. साहेब गेला, गिअर उजवीकडेच ठेवून गेला. त्यातही पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. म्हणजे घाबरून उजवा पाय दाबला, की ब्रेक लागत नाही, गाडी वरच्या गिअरमध्ये जाते. दांडेकर पुलाजवळ रिक्षा आडवी आली तेव्हा मी एकामागोमाग दोन गिअर वर टाकले आणि रसवंतीगृहाच्या बाकड्यापाशी जाऊन थांबलो. रसवाल्याने शांतपणे विचारलं, "हाफ की फुल?"

एवढं होऊनही मी बुलेट ठेवली. ऑफिसात सांगताना मी वारसा, धडधड, लोखंडाचा दर्जा असलं काहीबाही बोलतो. खरं कारण वेगळं आहे. एका रात्री बायको कणीक मळता मळता म्हणाली, "नवी गाडी घेतलीत तर ती तुमची किती दिवस राहील?" तेव्हा सेफ्टीच्या निबंधाचा अर्थ लागला. चाळीस घोड्यांचा लगाम अठरा वर्षांच्या पोराच्या हातात देण्यापेक्षा, जिचा गिअर कुठे आहे हे आजच्या मुलांना शोधावं लागेल अशी गाडी दारात बरी. जगातली सर्वांत चांगली अँटी-थेफ्ट सिस्टीम १९८६ मध्येच बनून गेली होती. पोराने तोंड पाडलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

दळणाचा डबा टाकीवर छान बसतो. स्वारगेटला पोहोचायला टेस्ट राइडला लागला तेवढाच वेळ लागतो. अधिक किकची दहा मिनिटं.

परवा मेकॅनिकचा फोन आला. "साहेब, तुमचा पोरगा काल ऑइल बदलायला गाडी घेऊन आला होता."

"ढकलत?"

"नाही हो. चालवत. जाताना माझ्यासमोर एका किकमध्ये चालू केली. काटाबिटा बघितलाही नाही." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला जरा शिकवायला सांगू का त्याला?"