भरतीच्या अर्जावरची सही : एका माजी सुभेदारांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब,

सप्रेम नमस्कार. सैन्यात जाण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मुलाने स्वतःच्या मनाला कोणते प्रश्न विचारावेत, या विषयावर मी गेल्या महिन्यात लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. पहाटे चार वाजता उठून सोळाशे मीटरची वेळ साडेपाच मिनिटांच्या आत आणण्यासाठी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरासमोर भाकरीचा प्रश्न असतो आणि त्याच्या हाती नीतिशास्त्र देणे ही पगारदार मास्तराची चैन आहे, असे आपण म्हणता. हुकूम आल्यावर विचार करत बसणारा शिपाई स्वतः मरतो आणि शेजारच्यालाही मारतो, हा आपला दुसरा मुद्दा. आणि सगळेच असा विचार करू लागले तर सरहद्दीवर उभे कोण राहणार, असा आपला शेवटचा सवाल आहे.

पहिल्या आक्षेपात आपण बरोबर आहात आणि मी चुकलो होतो, हे आधी मान्य करतो. 'पोटासाठी वर्दी चढवणे हे देशासाठी वर्दी चढवण्यापेक्षा खालच्या पायरीवरचे आहे', असे एक वाक्य माझ्या लेखात होते. ते मी मागे घेतो आणि लेखातूनही काढून टाकतो. आपल्याच जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत आणि त्यांचे स्मारक आजही गावात उभे आहे. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुटच्या वेढ्यात अडकल्या आणि उपासमारीने खंगून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. ते युद्ध त्या माणसांच्या देशाचे नव्हते. पगार, पेन्शन, गावातली पत आणि घराण्याचा रिवाज यांसाठी ती माणसे गेली. त्यांना खालच्या पायरीवर उभे करण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा आपला प्रश्न मला लागला आणि लागायलाच हवा होता.

मात्र भाकरीचा प्रश्न असला की नीतीचा प्रश्न उरत नाही, हे मला पटत नाही. उलट गरिबाच्या पोराला सदसद्विवेकाचा प्रश्न परवडत नाही असे धरून चालणे हाच मला त्याचा मोठा अपमान वाटतो. अनेक शतके ज्यांना माणूस म्हणूनही धरले गेले नाही, त्यांनीच आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत खोलवर विचारला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा निवृत्त महार सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्या बंदीविरुद्ध अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात वाढलेल्या बाबासाहेबांनी ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या अर्जांमागे पगार होताच, पण पगारापलीकडचेही काही होते. ज्याची सावलीही टाळली जाई, त्याच्या हाती शस्त्र आणि अंगावर वर्दी आली की गावाला त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. परक्या सरकारच्या फौजेत जाण्याचे हे एक पूर्ण नैतिक कारण होते. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून उभे राहून सांगितले की, इंग्रजांच्या युद्धाला माणूस किंवा पैसा यांपैकी काहीही देणे चूक आहे, आणि ते तुरुंगात गेले. वर्षभराच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात. त्यांतली एक निवडून दुसरी खोटी ठरवण्याची घाई मी वर्गात करत नाही, आपल्यासमोरही करणार नाही.

आता आपल्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. माझा लेख ज्या प्रसंगातून निघाला तो मी तिथे सांगितला नव्हता आणि बहुधा त्यामुळेच आपला गैरसमज झाला. माझ्याकडे बारावीला असलेला एक मुलगा उन्हाळ्यात अग्निवीर भरतीचा, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या नोकरीचा, अर्ज घेऊन घरी आला होता. त्याच्या उजव्या पायातल्या बुटाचा तळ सुटला होता आणि त्याने तो सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधला होता. कागदपत्रे तपासून झाली, चहा झाला, तरी तो उठेना. मग खाली बघत त्याने विचारले, "सर, समोर बिनहत्यारी माणसं असली आणि गोळी घाल म्हणून सांगितलं तर?" माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. सुभेदारसाहेब, हा प्रश्न मी त्या पोराच्या डोक्यात घातलेला नाही. तो त्याने रस्त्यावर धावता धावता स्वतःच शोधला होता.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ खाली दिलेल्या उदाहरणातच एक शिपाई होता : कायद्याच्या आदेशांना धरून वरिष्ठाने दिलेल्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायाकडून गुन्हा घडत नाही. उलट बाजूने, १९५० च्या लष्करी कायद्याचे कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला १४ वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा सांगते. पण त्याच कलमात हुकमाच्या आधी एक शब्द आहे, 'कायदेशीर'. हुकूम कायदेशीर असेल तरच तो मोडणे हा गुन्हा. आपली सगळी उमर पलटणीत गेली, म्हणून या एका शब्दाचे वजन आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असणार. विचार करणारा शिपाई घातक असतो, हे चकमकीच्या त्या दोन मिनिटांपुरते मी पूर्ण मान्य करतो. पण कायद्यानेच ज्याच्याकडून कायदेशीर आणि बेकायदेशीर हुकूम ओळखण्याची अपेक्षा ठेवली आहे, त्याने विचार करायचा कधी? माझ्या मते तो आधीच करून ठेवलेला असावा लागतो, अर्जावर सही करण्यापूर्वी आणि नंतर शांततेच्या प्रत्येक दिवशी.

चंद्रसिंह गढवाली यांचे नाव मी मुलांना सांगतो ते याचसाठी. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये नि:शस्त्र जमावावर गोळीबार करण्याचा हुकूम झाला, तेव्हा रॉयल गढवाल रायफल्सच्या त्या जवानांनी तो पाळला नाही. कोर्टमार्शल झाले, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली आणि १९४१ पर्यंत त्यांना तुरुंगातून सुटका मिळाली नाही. बंदुका खाली ठेवण्याचा तो निर्णय त्या माणसांनी तिथे रस्त्यावर क्षणभरात घेतला असेल, असे मला वाटत नाही. तो बराच आधी त्यांच्या मनात घट्ट झालेला असणार.

आणि जिथे असा हुकूमही नव्हता, नियत वाईट होती असेही म्हणता येत नाही, तिथे काय होते, हेही मुलांना सांगावे लागते. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळसा खाणीतून काम संपवून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर, ते अतिरेकी आहेत अशा समजुतीने लष्कराच्या तुकडीने गोळीबार केला आणि त्यात सहा मजूर जागीच गेले. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात आणखी गावकरी मरण पावले आणि एका जवानाचाही जीव गेला. राज्याच्या पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवले, केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कामकाज बंद केले. कोणाला दोषी धरण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या तुकडीतला प्रत्येक जण कधीतरी कुठल्यातरी रस्त्यावर धावणारा पोरगाच होता, आणि चुकीच्या खबरीवरून झाडलेली गोळी कायद्याच्या लेखी माफ झाली तरी ती रात्र त्या पोरांना जन्मभर सोबत करणार आहे. भरतीच्या अकॅडमीत बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर उचलणे, शिकवतात, खड्डा ओलांडायला शिकवतात, लेखीची तयारी करून घेतात. या रात्रीबद्दल कोणीतरी बोलले पाहिजे.

माझे चुलते १९८७ नंतर शांतिसेनेतून श्रीलंकेत गेले होते. आपल्या सुमारे १,२०० जवानांचा बळी घेणारी ती मोहीम १९९० च्या मार्चमध्ये आवरली गेली, पण तिच्याबद्दल त्यांनी घरात कधी तोंड उघडले नाही. एकदाच, सुगीच्या दिवसांत खळ्यावर आम्ही दोघेच असताना, ते जाफन्यातल्या एका घरझडतीबद्दल बोलले. झडती संपल्यावर घरातल्या म्हातारीने सगळ्यांसाठी चहा करून आणला. विषाची भीती असल्यामुळे कोणाच्याही हातचे काही घ्यायचे नाही, असा कडक हुकूम होता आणि तो योग्यच होता. म्हातारी कप धरून उभी राहिली, आणि हे सगळे जवान तिच्या बाजूने तसेच निघून गेले. "आपल्या आईच्या वयाची होती रे. मी नुसती मान हलवली आणि पुढं झालो," असे म्हणून ते पुन्हा मळणीकडे वळले. त्यांनी तिथे गोळ्या झाडल्या असतील, त्यांच्यावरही झाडल्या गेल्या असतील, पण तीस वर्षांनी त्यांच्या तोंडून आला तो हा कप. ते लढायला भ्याले नव्हते आणि सैन्यात गेल्याचा त्यांना पश्चात्तापही नव्हता. पण आपल्याला देशाच्या रक्षणाखेरीज सरकारच्या धोरणासाठी दुसऱ्या देशातही पाठवले जाऊ शकते आणि कुठे जायचे हे आपण ठरवत नाही, हे त्यांना सही करताना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सही. आपल्याकडे सक्तीची भरती नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. पण तिचाच दुसरा अर्थ असा की, 'नाही' म्हणण्याचा निर्वेध हक्क मुलाला सहीपूर्वीच असतो. एकदा अग्निवीर म्हणून दाखल झाला की अपवादात्मक परिस्थिती वगळता चार वर्षांच्या आत स्वतःच्या इच्छेने त्याला बाहेर पडता येत नाही. भरतीचे किमान वय साडेसतरा आहे, आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर अर्जावर पालकाची सही लागते. अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्याला लढाईच्या भागात पाठवत नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. तरीही, जे सरकार त्याला उद्या कुठे पाठवायचे ते ठरवणार, त्या सरकारसाठी मत देण्याचा अधिकार मिळण्याआधीच तो स्वतःचे आयुष्य त्याच्या हवाली करत असतो. मग मत देण्याचा अधिकार आहे कोणाला? अर्जावर सही करणाऱ्या त्याच्या बापाला, मला, आपल्याला. मुलाच्या सद्सद्विवेकावर जे ओझे आपण टाकतो, त्यातला मोठा वाटा आपला आहे, आणि माझ्या लेखात ही बाजू फारच तोकडी आली होती.

याच संदर्भात एक गोष्ट मला खटकते, तीही लिहितो. सैन्यात का जावे हे मुलांना सांगताना आपण सगळे पुराचे चित्र पुढे करतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा लष्कराच्या आणि नौदलाच्या जवानांनी माणसे बाहेर काढली, त्यात आमचे नातलगही होते, आणि ते उपकार मी विसरणार नाही. पण बोट चालवायला आणखीही लोक असतात. सैन्य असते ते शस्त्रासाठी, मारण्याची आणि मरण्याची तयारी ठेवण्यासाठी. मुलाला होकार द्यायचा असेल तर तो त्या गोष्टीला द्यायचा आहे, आणि ती झाकून त्याच्याकडून सही घेणे मला फसवणूक वाटते.

तशी तयारी ठेवणाऱ्याने हातातल्या शस्त्राला मर्यादा घालणे हे काही बाहेरून आलेले शहाणपण नाही. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र आपल्याला ठाऊकच असेल. रयतेकडून दाणा, भाकर, गवत, फाटे, भाजी जबरदस्तीने घेतलीत तर लोक म्हणतील की यापेक्षा मोगल बरे, अशी ताकीद त्यात आहे. सरदाराने शिपायाच्या वागण्याची जबाबदारी इतक्या बारकाईने, गवताच्या काडीपर्यंत, अंगावर घेतलेली मी फार कमी ठिकाणी वाचली आहे.

सगळ्यांनीच असा विचार केला तर सरहद्दीवर कोण, या प्रश्नावर मी जास्त लिहीत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या चाळीसहून अधिक मुलांनी सारे प्रश्न स्वतःला विचारले आणि तरीही सही केली. न जाणाऱ्याच्या जागी दुसरा कोणीतरी उभा राहतो, म्हणून न जाण्यालाही नैतिक किंमत असते, हे मी त्यांना सांगतो आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माझ्या आधीच कळलेले असते.

तो ट्यूबची पट्टी बांधलेला मुलगा सतरा वर्षे आठ महिन्यांचा आहे. त्याच्या वडिलांची सही अजून झालेली नाही, कारण त्यांनी मुलाला सांगितले आहे की सरांशी एकदा नीट बोल. मी बोललो, पण माझ्या अंगावर वर्दी कधी नव्हती आणि त्याला ते दिसते. आपण शनिवारी सकाळी सातला, पोरांचे ग्राउंड आटोपल्यावर, आमच्या शाळेच्या मैदानावर याल का? तो प्रश्न तो आपल्याला स्वतः विचारेल, आणि आपण काय उत्तर देता ते ऐकायला मीही तिथे बसेन.

आपला नम्र.