काका, देऊन टाका ना भंगारात!

रविवारी सकाळी घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मी गाडीखाली आडवा, तोंडावर ऑइलचा थेंब, आणि वरून आवाज येतो, "काका, चालते का हो ही?" नाही, मी इथं झोपायला आलोय!

1970 ची महिंद्रा एफसी-150 पिकअप आहे माझी. ड्रायव्हर जवळजवळ इंजिनाच्या डोक्यावर बसतो, उन्हाळ्यात पाय भाजतात. आतलं इंजिन जीपवाल्या विलिस कंपनीच्या हरिकेन घराण्यातलं: हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर सोडणारा एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. हे कुणी विचारतं? छे! विचारतात ते "किती देते?" अहो, मायलेज बघून कुणी आजोबांना सांभाळतं का?

सेक्रेटरी म्हणतात, जागा अडते. त्यांच्या मुलाची एसयूव्ही दोन जागा अडवते, ते चालतं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना धुराचा त्रास, खालच्या भाजीच्या टेम्पोचा मात्र नाही. भंगारवाला तर दर महिन्याला हजर, किलोचा भाव सांगायला. तराजू आणायचा तेवढा बाकी ठेवलाय!

2021 मध्ये केंद्र सरकारनं 50 वर्षांवरच्या खाजगी गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरप्लेटवर व्हीए. म्हणजे सरकारला कळलं, बी विंगला नाही.

काल इंजिनातल्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, बरोब्बर अर्धा मिलिमीटर लावत होतो. श्वास रोखलेला, हात स्थिर. खांद्यावर टपकन थाप पडली. "काका, विकायचीय का?"